रंगीत, स्वस्त उन्हाळी सँडल-चपला: बरेच महिने वापरल्यावर काय टिकलं, काय उतरलं

स्वस्तातल्या रंगीत चपला-सँडल एकाच उन्हाळ्याच्या सोबती, असं सरसकट म्हटलं जातं, पण ते खरं नाही. काही जोड्या एक उन्हाळा, त्यानंतरचे दमट महिने आणि पुढचा उन्हाळा आरामात काढतात. काहींच्या पट्ट्यांना दोन महिन्यांतच पोपडे धरतात. दोन्हींची किंमत बहुतेकदा सारखीच असते, दिसायलाही उन्नीस-बीसच. फरक पडतो तो रंग कुठे आहे यामुळे. रंग मालातच कालवलेला आहे, धाग्यात मुरलेला आहे, की वरून थर म्हणून चढवलेला आहे, एवढं खरेदीच्या वेळी ओळखता आलं तर निम्मा अंदाज तिथेच येतो. उरलेला निम्मा पट्टा सोलमध्ये कसा बसवलाय आणि सोल कुठे वाकतो यावरून.

वरून चढवलेल्या रंगाचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे रेक्झिन. लेबलवर पीयू, सिंथेटिक किंवा व्हीगन लेदर, काहीही लिहिलेलं असो. खाली कापड आणि त्यावर बहुधा पॉलियुरेथेन (पीयू) या प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, अशी त्याची रचना असते. रंग फक्त त्या पापुद्र्यात असतो, आतलं कापड बहुधा पांढरं किंवा फिकट. म्हणूनच गडद गुलाबी पट्ट्यावर पडलेली बारीक चीर चार हातांवरूनही दिसते आणि फिकट बदामी पट्ट्यावरची तेवढीच चीर कुणाच्या लक्षातही येत नाही. रेक्झिनमध्ये रंग जितका भडक, तितका दोष लवकर उघडा पडतो.

ही चीर पडण्याच्या जागाही ठरलेल्या. बक्कलच्या ज्या भोकात रोज पिन जाते त्याच्या लगत, पाऊल दुमडतं तिथे आडव्या पट्ट्यावर, आणि पट्टा सोलमध्ये शिरतो त्या कडेला. घेताना पट्टा अंगठ्याने घट्ट दुमडून पाहावा. घडीवर पांढुरकी रेघ उमटली आणि सोडल्यावरही राहिली, तर ती जोडी घेऊ नये. पट्ट्याची कडही बघावी. रेक्झिन आत दुमडून शिवलेलं असेल तर कड टिकते. नुसतं कापून कडेला रंगाचा हात फिरवलेला असेल, तर आधी तो रंग रबरासारखा सोलून निघतो आणि मग आतल्या कापडाचे धागे डोकावतात. माझ्या मते स्वस्त सँडलमध्ये दुमडलेली कड ही एकट्याने सगळ्यात जास्त सांगून जाणारी खूण आहे, कारण तिला माल जास्त लागतो आणि वेळही, आणि काटकसर करणारा कारखाना पहिली कात्री तिथेच लावतो.

रेक्झिनचा दुसरा शत्रू म्हणजे ओल, आणि त्याची कल्पना फार कमी जणींना असते. दमट हवेत पॉलियुरेथेनची रासायनिक साखळी पाण्यामुळे हळूहळू तुटत जाते, उष्णता असेल तर आणखी वेगाने. म्हणून कमी वापरलेली, नीट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली जोडीही काही महिन्यांनी बाहेर काढल्यावर चिकट लागते किंवा तिचे पोपडे हाताला लागतात. पिशवी ओल अडवत नाही, आतली ओल कोंडून धरते. अशी जोडी उघड्या कप्प्यात किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवावी, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकावी. एकदा पोपडे धरले की पॉलिश, रंग, तेल यातलं काहीही चालत नाही. थर सुटलेला असतो, त्याच्यावर काय लावणार?

चपलेच्या आत किंवा तळाला चिकटवलेलं छोटं लेबल वाचायची सवय लावावी. युरोपात 1994च्या नियमानंतर वरचा भाग, अस्तर आणि आतला तळ, आणि बाहेरचा सोल अशा तिन्हींसाठी वेगवेगळी चित्रं छापतात, आणि ती इतरत्र विकल्या जाणाऱ्या अनेक जोड्यांवरही सापडतात. जनावराच्या कातड्याचा आकार म्हणजे खरं चामडं, त्याच आकारात पत्त्यांतल्या चौकटसारखी छोटी आकृती असेल तर वरून थर दिलेलं चामडं, विणलेली जाळी म्हणजे कापड, आणि नुसता चौकटचा आकार म्हणजे 'इतर', अर्थात रेक्झिन, प्लॅस्टिक, रबर. त्या भागात 80 टक्के किंवा त्याहून जास्त जो माल असेल त्याचं चित्र छापतात. उन्हाळ्यासाठी मधल्या ओळीकडे बघा. वर रेक्झिन असलं तरी चालेल, पण आत पावलाखाली कापड असावं. रेक्झिनचा तळ घाम शोषत नाही, पाऊल पुढे घसरतं, बोटं पुढच्या काठावर चेपतात आणि काही आठवड्यांत पावलाचा काळा ठसा कायमचा उमटतो.

मालातच रंग कालवलेला, असा प्रकार म्हणजे ईव्हीए या स्पंजासारख्या प्लॅस्टिक फोमच्या एकसंध स्लायडर. रंगाच्या बाबतीत यांना तोड नाही. ओरखडा पडला तरी खाली तोच रंग, साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने दोन मिनिटांत स्वच्छ. शिलाई नाही, चिकटवण नाही, त्यामुळे उसवायला काही नाहीच. त्यांचं दुखणं वेगळं. हा फोम टाचेखाली दबतो आणि पुन्हा पूर्ण वर येत नाही. नव्या स्लायडरची टाच अंगठ्याने दाबून सोडली की लगेच फुगायला हवी. खळगा रेंगाळला तर तो फोम महिन्या-दोन महिन्यांत बसणार. दुसरं म्हणजे उष्णता. बंद गाडीत, तापलेल्या गच्चीवर किंवा हीटरजवळ राहिली तर ईव्हीए आकसतं आणि जोडी चक्क अर्धा-एक नंबर लहान होते, ती परत मोठी होत नाही. धुतल्यावर वाळवायची ती सावलीत. ओल्या फरशीवर गुळगुळीत तळाच्या स्लायडर सरकतात, तेव्हा तळाची नक्षी निदान दोन मिलिमीटर खोल आहे ना, हे नखाने चाचपून घ्यावं.

जेली सँडलही याच वर्गातल्या, फक्त माल पीव्हीसी. रंग पारदर्शक, सुंदर, आणि स्वतःहून कधी उतरत नाही. पण दुसऱ्याचा रंग हे प्लॅस्टिक ओढून घेतं. मऊपणासाठी पीव्हीसीत जे द्रव्य घालतात ते हळूहळू पृष्ठभागाकडे सरकत राहतं, आणि त्याच्याबरोबर रंगही इकडून तिकडे जातो. लाल जेली आणि पांढरी जेली एकावर एक ठेवल्या तर काही आठवड्यांत पांढरीवर गुलाबी डाग उमटतो. गडद निळ्या डेनिमचा, छापील वर्तमानपत्राचा, काळ्या रबरी मॅटचाही तसाच. हा डाग वर बसलेला नसून आत गेलेला असतो, त्यामुळे घासून जात नाही. जेलीच्या साच्याची जोडरेघ बोटांच्या मध्ये आणि टाचेला टोचते. ती बारीक सँडपेपरने किंवा नखं घासायच्या कानशीने हलकेच घासली की चावणं थांबतं. पाऊल ओलं असताना मात्र जेली घालून लांब चालू नये, कातडी मऊ पडलेली असते आणि फोड हमखास येतो.

कॅनव्हासमध्ये रंग धाग्यात असतो. तो पोपडे धरत नाही, विरत जातो, आणि विरलेला कॅनव्हास वाईट दिसत नाही. इथे खरा घोळ धुण्यात होतो. फिकट रंगाचा कॅनव्हास धुऊन वाळल्यावर पिवळट वलयं दिसतात, ती बहुतेकदा धुताना न निघालेल्या साबणाची आणि आतल्या चिकटवणीची असतात. पाणी उडून जाताना ती वर ओढली जातात. उपाय सोपा आहे. नाड्या आणि आतला सुटा तळ काढायचा, कोमट पाण्यात थोडासा सौम्य साबण घालून मऊ ब्रशने घासायचं, आणि मग फेस दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन पाण्यांतून काढायचं. आत पांढरा टिश्यू पेपर कोंबायचा, बाहेरूनही गुंडाळायचा आणि सावलीत वाळवायचं. पिवळेपणा कागदावर येतो. भिजत घालून ठेवू नये. स्वस्त जोडीत सोलच्या कडेची रबरी पट्टी नुसती चिकटवलेली असते आणि पाऊल जिथे वाकतं तिथे ती आधी सुटते. नवी जोडी घेतानाच तिथे नख घालून पाहावं.

तागाच्या दोरीच्या सोलचे एस्पाड्रिल हवेशीर आणि देखणे, पण पाण्याशी त्यांचं वैर. ताग फुगतो, काळवंडतो, बुरशी धरतो. कमी किमतीच्या उंच एस्पाड्रिलमध्ये ताग बहुधा फक्त बाहेरून गुंडाळलेला असतो, आत फोमच. गुंडाळीचं टोक साधारण पावलाच्या कमानीच्या बाजूला लपवलेलं असतं आणि सुटायला तिथूनच सुरुवात होते. ते शोधून पहिल्याच दिवशी पारदर्शक लवचीक चिकटवणीचा एक थेंब दिला की बरेच महिने निश्चिंत.

उन्हात कुठला रंग टिकतो, हा प्रश्न प्लॅस्टिक आणि रेक्झिन दोन्हींना लागू आहे. निऑन गुलाबी, निऑन केशरी, पोपटी असे चमकणारे रंग सगळ्यात आधी जातात. त्यांची चमक ज्या द्रव्यामुळे येते तेच उन्हाने मोडतं. याउलट मोरपंखी, गडद निळा, हिरवा हे रंग साधारणपणे ज्या रंगद्रव्यांपासून बनतात ती उन्हाला फार चिवट असतात. गेरू, विटकरी, मोहरी हे मातकट रंगही तसेच. रोजच्या वापराच्या जोडीसाठी मी मोरपंखी किंवा विटकरीच सुचवेन. निऑनचा सोस असेल तर तो स्लायडरमध्ये पुरवावा, आणि ती उन्हात वाळत टाकू नये.

मखमली, सुएडसारख्या दिसणाऱ्या चपलांचा रंग पायाला लागतो, विशेषतः लाल, जांभळा आणि गडद निळा. घेण्याआधी पांढरा रुमाल ओला करून आतल्या बाजूने दहा वेळा जोर देऊन घासावा. रुमाल रंगला तर घामानेही तेच होणार. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो हा समज इथे कामाचा नाही. आत वेगळ्या फिकट कापडाचं अस्तर असेल तरच हा प्रकार घ्यावा.

मापाबद्दल एक गोष्ट ठाम सांगते. चामडं पायाप्रमाणे सैल होतं, रेक्झिन होत नाही. दुकानात करंगळीला घासणारा रेक्झिनचा पट्टा सहा महिन्यांनीही करंगळीलाच घासणार. हेअर ड्रायरने गरम करून, जाड मोजे घालून ताणला तरी थंड झाल्यावर तो बराचसा मागे येतो. 'वापरून सैल होईल' हे विक्रेत्याचं वाक्य रेक्झिनसाठी ऐकू नये. पाऊल संध्याकाळी, म्हणजे सुजून थोडं मोठं झालेलं असताना, उभं राहून मापावं, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत. बंद बुटाला त्यापुढे 10 ते 12 मिलिमीटर जागा लागते. उघड्या सँडलला पुढे आणि मागे मिळून 8-10 पुरे. युरोपीय नंबरांत एका नंबराचा फरक 6.67 मिलिमीटर, ब्रिटिश नंबरांत 8.47. म्हणून दोन नंबरांच्या मध्ये पाय अडकत असेल तर युरोपीय नंबर पाहून घेणं जास्त नेमकं पडतं.

पट्टा निसटणं ही स्वस्त सँडलची सगळ्यात मोठी तक्रार, आणि ती बहुतेक वेळा बनावटीतच असते. पट्टा आतल्या तळाच्या पुठ्ठ्याखाली दुमडून सोलला चिकटवतात. तिथे 12-15 मिलिमीटर माल आत गेला असेल तर पकड राहते, पाच-सहाच गेला असेल तर एक ठेच पुरते. बाहेरून हे दिसत नाही, पण पट्टा जोरात वर ओढल्यावर सोल आणि तळ यांच्यात फट उघडली तर समजून जावं. टाचेमागे नुसतं इलॅस्टिक असलेले सँडल टाळलेले बरे. घाम आणि उष्णतेने इलॅस्टिक ढिलं पडतं आणि मग टाच निसटत राहते. बक्कलच्या मुळाशी इलॅस्टिकचा छोटा तुकडा असेल तर मात्र चांगलं. ताण तो घेतो आणि भोकाजवळची चीर उशिरा पडते.

सोल दोन्ही हातांनी वाकवावा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मधोमध, कमानीखाली घडी पडत असेल तर आत आधाराची पट्टी नाही. सपाट चपलेत ते एकवेळ चालेल, चार सेंटिमीटरच्या वर टाच असेल तर नाही. पाऊल थकतं आणि टाच मागे कलते. टाचेच्या खालची टोपी झिजून आतली खिळ्यासारखी पिन दिसायच्या आत बदलून घ्यावी, कारण पिन टेकायला लागली की टाचेचा प्लॅस्टिकचा ठोकळाच फुटतो.

सोल सुटला तर झटपट चिकटणारा सुपरग्लू वापरू नये. तो वाळल्यावर ठिसूळ होतो, वाकवल्याबरोबर तडकतो आणि त्याचा काचेसारखा थर पुढची चिकटवण धरू देत नाही. जुनी चिकटवण सँडपेपरने घासून काढावी, धूळ पुसावी, दोन्ही बाजूंना लवचीक चिकटवणीचा पातळ हात द्यावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबावं, मग एकाच दमात नीट जुळवून जोर देऊन दाबावं आणि वजनाखाली 24 तास ठेवावं. पीव्हीसीच्या सोलला चपला चिकटवायचं नेहमीचं पिवळं सोल्युशन फार दिवस धरत नाही, प्लॅस्टिकमधलं मऊपणाचं द्रव्य त्यालाही मऊ करतं. तिथे पॉलियुरेथेनची चिकटवण मागावी. दुरुस्तीला देताना सोल कशाचा आहे हे सांगितलं तर कारागीरही तीच लावतो.