पाठीवरचा ब्लोअर: जाळरेषेसाठी घेतला, पैसे वसूल

आमच्या काजूच्या बागा सड्याला, म्हणजे कातळाच्या माळाला लागून. फेब्रुवारीत गवत वाळलं की कुणाची तरी विडी आणि आमचा वणवा, हे ठरलेलं. म्हणून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा काढायला वाडीने वर्गणी काढून पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने पाला उडवणारं यंत्र घेतलं.

गवत आधी कापावंच लागतं, ते काम ब्लोअरचं नव्हे. पण कापल्यावर उरलेला पातेरा असा उडतो की खाली लाल माती दिसते! खराट्याने चार माणसांना दिवस लागायचा. यंदा दोघांनी न्याहारीच्या आत बांधापासून पऱ्ह्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) तीन मीटर रुंद पट्टा साफ केला. आठवड्याने पुन्हा फिरवा मात्र, पानगळ थांबत नाही.

आमच्या ब्लोअरला लिटरभर पेट्रोलमध्ये 40 मिली ऑईल घालायचं. आमच्या भाच्याने नुसतंच पेट्रोल ओतलं आणि दुरुस्तीचा भुर्दंड पडला. सुरू करायची दोरी दुसऱ्याच आठवड्यात तुटली, दुकानदाराने ‘वॉरंटीत येत नाही’ म्हणून हात झटकले. रेटिंगमधला एक तारा त्याचाच कापला.

पेटल्या गवतावर ब्लोअरचं तोंड धरू नका, ठिणग्या पलीकडे जातात. तिथे ओला टहाळाच बरा, आणि वनविभागाचा 1926 हा नंबर फिरवायचा.