पिवळा दिवा : डिझेल गाडीचे अकरा महिने

गेल्या दसऱ्याला आमच्या घरी नवी डिझेल एसयूव्ही आली. आज ओडोमीटरवर ७,८६० किलोमीटर झालेत. गाडीची ओढ, ब्रेक, सीट, एसी यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. खंबाटकी घाट ही गाडी जशी चढते तशी आमची जुनी पेट्रोल गाडी कधी चढली नाही. लिहायला बसले आहे ते एका पिवळ्या दिव्याबद्दल. त्याने माझे दोन महिने खाल्ले, आणि गाडी घेताना एक साधा प्रश्न कुणी विचारला असता तर त्यातलं बरंचसं टळलं असतं.

डिझेल घेतली ती वाईला आणि कोकणात वरचेवर जायचं म्हणून. गाडी आल्याआल्या ढोल्या गणपतीला नेऊन आणली. पण मुलीचं दहावीचं वर्ष होतं, त्यामुळे त्यानंतर बाहेरगावी जाणं बंदच झालं. उरलं माझं रोजचं ऑफिस : कोथरूड डेपो ते डेक्कन, जेमतेम सहा किलोमीटर, कर्वे रस्त्यावरून, सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी त्याहून जास्त. बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्ये.

जानेवारीच्या शेवटी, १,६४० किलोमीटरला, डॅशबोर्डवर एक नवीनच चित्र उजळलं. सायलेन्सरच्या पेटीसारखा आकार आणि आत ठिपके. रंग पिवळा. गाडी चालायला नेहमीसारखीच होती, म्हणून मी आठ दिवस तशीच चालवली. मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं, ते मी उघडलं नाही. ही माझी चूक. नवव्या दिवशी शेजारी इंजिनाचा दिवाही लागला आणि चांदणी चौकाच्या चढावर गाडीने दम सोडला. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा दोन हजारांच्या वर जाईना. मागे पीएमपीची बस, शेजारी सासूबाई. पोटात गोळा आला.

सर्व्हिस सेंटरला गाडी दिली. संध्याकाळी फोन आला, "मॅडम, सेन्सरचा एरर होता, क्लिअर केलाय." जॉब कार्डवर लिहिलेलं, 'इंजिन लाइट चेक केला, ओके.' कोड कोणता, कशामुळे आला, यातलं काही नाही. नऊ दिवसांनी दोन्ही दिवे परत हजर.

माझ्या भाच्याकडे ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र, आहे. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये तो बसवायचा आणि मोबाइलवर कोड वाचायचा. कोड आला पी२४६३. म्हणजे डीपीएफमध्ये, धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठली आहे. त्याच संध्याकाळी वारज्याच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेले. आमच्या आधीच्या गाडीचं सगळं तेच बघायचे. त्यांनी आधी काय केलं, तर खिशातून पांढरं फडकं काढलं, बोटाला गुंडाळलं आणि सायलेन्सरच्या तोंडात आतून फिरवून माझ्यासमोर धरलं. फडकं पांढरंच. मग बॉनेट उघडून ऑईलची पट्टी काढली. ऑईल वरच्या खुणेच्या बोटभर वर चढलेलं. दोन बोटांमध्ये चोळून त्यांनी हात पुढे केला. "ताई, वास घ्या." डिझेलचा वास येत होता.

"रोज किती चालते?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "मग गाडी तापतच नाही तुमची. काजळी जाळायची कधी तिने?"

हाच तो प्रश्न. शोरूममध्ये रंग विचारला, सनरूफ विचारलं, हप्ता विचारला. रोजचं रनिंग किती, हे कुणीही विचारलं नाही.

मेकॅनिककाकांनी सांगितलं आणि मग मॅन्युअलमध्ये वाचलं ते असं. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं मानक लागू झालं. डिझेल कारच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आली. त्यासाठी सायलेन्सरच्या वाटेत मधाच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा फिल्टर बसवतात, तोच डीपीएफ. काजळी त्यात अडकते, म्हणून फडकं पांढरं राहिलं. पण अडकलेली काजळी कधीतरी जाळावी लागते आणि त्यासाठी फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापायला हवा. हायवेला निम्मं काम आपोआप होतं. शहरात गाडी स्वतःहून थोडं जादा डिझेल फवारून फिल्टर तापवते, त्याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी तिला पंधरा-वीस मिनिटं सलग पळायला मिळालं पाहिजे. माझी गाडी तापायला लागायची तोवर ऑफिसचं पार्किंग यायचं आणि मी चावी फिरवून बंद करायचे. काम अर्धवट राहायचं आणि ते जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरायचं. पातळ झालेलं ऑईल इंजिनाला वंगण नीट देत नाही. मला दिव्यापेक्षा भीती वाटली ती याची.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेले ती कोडचा फोटो, ओडोमीटरचा फोटो आणि ऑईलच्या पट्टीचा फोटो घेऊन. या वेळी मॅनेजरशी बोलले. कोड जॉब कार्डवर लिहून घेतला, ऑईल वाढल्याचंही लिहून घेतलं. मग त्यांनी लॅपटॉप जोडून उभ्या गाडीतच रीजनरेशन केलं. गाडी मोकळ्या जागेत, इंजिन आपोआप रेस होऊन तसंच राहिलेलं, अर्धा तास. सायलेन्सरच्या मागची हवा थरथरत होती आणि तिकडे कुणी फिरकू नये म्हणून एक मुलगा उभा केला होता. ऑईल आणि ऑईल फिल्टर बदलला. मजुरीचे पैसे मी द्यायला नकार दिला, कारण पहिल्या खेपेला नुसता कोड पुसून त्यांनी गाडी परत दिली होती. तासभर बोलणं झालं आणि मजुरी माफ झाली, ऑईलचे मी भरले.

मधल्या काळात आणखी एका गॅरेजवाल्याने सल्ला दिला होता की फिल्टर काढूनच टाका, सॉफ्टवेअर बदलून देतो, दिवा जन्मात लागणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत असे बदल करायला बंदी आहे आणि वॉरंटीही जाते. पण माझं कारण घरातलं होतं. सासूबाईंना दमा आहे. थंडीत सकाळी गॅलरीत बसणं त्यांनी सोडलंय. जी काजळी त्या फिल्टरमध्ये अडकते ती कुणाच्या तरी छातीत जायची असते. तो काढायचा विचार मी केला नाही.

या गोष्टीला आता सात महिने झाले. या काळात फिल्टरचा दिवा दोनदा लागला, दोन्ही वेळा मी घाबरले नाही. रविवारी सकाळी सहाला वारज्यातून निघायचं, कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका, तिथून पुढे चौथ्या गिअरमध्ये सत्तर-ऐंशीच्या वेगाने आणि काटा दोन हजारांच्या वर ठेवून. पहिल्यांदा दिवा कापूरहोळच्या आधीच विझला. तरी शिरवळपर्यंत जाऊन, चहा घेऊन परत आले. मुलीची परीक्षा संपल्यापासून महिन्यातून दोनदा तरी वाईला जाणं होतंच, त्यामुळे मुद्दाम अशी फेरी मारायची वेळ फारशी येत नाही.

रीजनरेशन चालू आहे हे आता मला दिव्याशिवाय कळतं. सिग्नलला उभं असताना काटा आठशेऐवजी हजारावर असतो, तेव्हाचं अ‍ॅव्हरेज एकदम पडलेलं दिसतं, आणि उतरल्यावर पंखा जोरात फिरत असतो, इस्त्रीसारखा गरम वास येतो. अशा वेळी ऑफिसला पोचले तरी गाडी बंद करत नाही. म्हात्रे पुलावरून एक चक्कर मारून येते. पाच-दहा मिनिटं उशीर होतो, तो मी मान्य केलाय. दर महिन्याला ऑईलची पट्टी स्वतः काढून बघते. अजून पातळी वाढलेली नाही.

अ‍ॅव्हरेज गावात साडेबारा आणि हायवेला एकोणीसच्या आसपास मिळतं. हायवेवर ही गाडी मला अतिशय आवडते. पण ज्यांचं येणंजाणं माझ्या गेल्या वर्षासारखं आहे, रोज पाच-सात किलोमीटर आणि तेही ट्रॅफिकमधून, त्यांनी बीएस-६ डिझेल घेऊ नये, पेट्रोल घ्यावी. ऑफिसातल्या एका मैत्रिणीला हेच सांगितलं. तिने बुकिंग बदललं.

पुढच्या महिन्यात वर्षाची सर्व्हिसिंग आहे. जॉब कार्डवर तीन गोष्टी लिहून घेणार आहे : फिल्टरमध्ये काजळी किती टक्के आहे, शेवटचं रीजनरेशन किती किलोमीटरला झालं, आणि ऑईल कोणत्या ग्रेडचं घातलं. डीपीएफला कमी राख सोडणारं ऑईल लागतं, कारण काजळी जळून जाते पण राख फिल्टरमध्येच राहते. डब्याचं सील माझ्यासमोर तोडायला सांगणार आहे.