हुस्ताई राष्ट्रीय उद्यान, मंगोलिया: मुक्काम करणार असाल तरच जा

उलानबातारच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर असलेले हे उद्यान बहुतेक पर्यटक एका दिवसात उरकतात आणि तिथेच फसतात. आमच्या सहल कंपनीनेही आम्हाला ऐन दुपारी तेथे नेऊन उभे केले. उन्हाच्या वेळी ताखी, म्हणजे येथील रानटी (प्रझेवाल्स्की) घोडे, माश्या आणि उकाडा टाळण्यासाठी उंचावर जातात, त्यामुळे दुर्बिणीतून चार तांबूस ठिपके तेवढे दिसले. मुक्काम गेरमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत, होता म्हणून निभावले. संध्याकाळी एक कळप पाण्यासाठी खाली उतरला, तेव्हा त्यांची ताठ उभी आयाळ, पिठात बुडवल्यासारखे पांढुरके तोंड आणि पायांवरचे पुसट पट्टे नीट पाहता आले. नर मागे राहून रेंगाळणाऱ्या शिंगराला पुढे हाकत होता.

हे घोडे १९६० च्या दशकाअखेर निसर्गातून नाहीसे झाले होते. उरले ते प्राणिसंग्रहालयांत. नेदरलँड्समधील यान आणि इंगे बाउमन या दांपत्याने पुढाकार घेऊन अशा घोड्यांची पैदास मोकळ्या कुरणांत केली आणि १९९२ मध्ये पहिले १६ घोडे विमानाने येथे आणले. त्यांना लगेच मोकळे न सोडता आधी कुंपणात ठेवून येथील थंडीची आणि गवताची सवय लावण्यात आली. आज येथे त्यांची संख्या तीनशेच्या वर आहे. शिंगरे लांडग्यांच्या तोंडी पडतात, पण लांडगे मारून घोडे वाढवायचे असते तर प्राणिसंग्रहालय काय वाईट होते?

घोड्यांमुळे गवताळ प्रदेश सावरला असे सरसकट सांगितले जाते, ते मला अर्धेच पटते. घोडा जाडेभरडे गवतही खातो आणि लिदीतून बिया दूरवर पोहोचवतो, हे खरे. परंतु उद्यानाच्या गाभ्यात पाळीव जनावरांच्या चराईला बंदी आहे, आणि गवताला उसंत मिळाली ती मुख्यतः त्यामुळे. ती बंदी ताखींसाठी आली आणि तिचा फायदा मार्मोट (बिळात राहणारा खारीच्या कुळातील प्राणी) व लाल हरणांनाही झाला, एवढे श्रेय मात्र घोड्यांचेच.

जून ते सप्टेंबर हा काळ उत्तम. पहाटेची फेरी चुकवू नका आणि वाहन वाटेवरच ठेवायला चालकाला बजावा. मंगोलियात जेवण मांसप्रधान असते, तेव्हा शाकाहारी मंडळींनी स्वतःचा शिधा बरोबर ठेवावा.