गिम्प ३.० : एका पिशवीच्या छायाचित्रातून सात रंग

महिला बचत गटांनी शिवलेल्या कापडी पिशव्यांची छायाचित्रे विक्रीसाठी काढून देणे हे गेली काही वर्षे माझे काम आहे. एकच नमुना सात रंगांत शिवला जातो, पण साती पिशव्या छायाचित्राच्या दिवशी तयार असतातच असे नाही; मोहरी रंगाची पिशवी समोर असते आणि नेव्ही ब्लू कापडाचा तागा अजून बेतायचाही असतो. अशा वेळी हाती असलेल्या एका छायाचित्रावरून उरलेले रंग तयार करून द्यावे लागतात. या एका कामासाठी गिम्प हे छायाचित्रे संपादित करण्याचे सॉफ्टवेअर कितपत उपयोगी पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किम्बल आणि पीटर मॅटिस यांनी, १९९५ साली सुरू केलेला हा प्रकल्प आजही पूर्णपणे मोफत आहे, आणि ज्या गटांसाठी मी काम करते त्यांना दर महिन्याचे वर्गणीचे पैसे परवडत नाहीत, म्हणून माझ्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. १६ मार्च २०२५ रोजी आलेल्या ३.० आवृत्तीने मात्र केवळ मोफत असण्यापलीकडचे कारण दिले. पूर्वी रंगात केलेला बदल चित्रात कायमचा मिसळून जात असे. आता तो लेयरला, म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एकाला, जोडलेल्या फिल्टरच्या रूपात वेगळा राहतो, लेयरच्या यादीत त्याची खूण दिसते, आणि फाइल गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपात जतन केली तर काही महिन्यांनी उघडूनही त्यातले आकडे बदलता येतात. ‘निळा थोडा अजून गडद हवा होता’ असा निरोप आल्यावर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. रंग बदलायचा म्हटले की बहुतेक जण ‘कलर्स’ मेनूतील ‘ह्यू-सॅच्युरेशन’ उघडतात आणि ह्यूची, म्हणजे रंगछटेची, पट्टी सरकवतात. मीही सुरुवातीला तेच करत असे, आणि त्यातून एका गटाचे नुकसान माझ्या हातून झाले. मोहरी पिशवीवरून केलेला निळा रंग इतका दाट आणि भडक आला की पिशवीच्या चुण्या आणि कापडाची वीण जवळपास दिसेनाशी झाली. ते झाकण्यासाठी मी उजळपणा वाढवला, रंग फिका पडला, आणि छायाचित्र पाहून मागवणाऱ्यांच्या हाती प्रत्यक्षात बरीच गडद पिशवी गेली. काही पिशव्या परत आल्या. ते का घडले हे समजून घेण्यात नंतर बरेच दिवस गेले, पण ते समजल्यावर कामाची पद्धतच बदलली.

कारण असे आहे की ही पट्टी ज्या गणितावर चालते त्यात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा यांचा उजळपणा सारखाच, म्हणजे ५० टक्के, धरलेला असतो. डोळ्याला मात्र तसे दिसत नाही. माणसाच्या दृष्टीला जाणवणारा उजळपणा ० ते १०० या मापात मोजला, तर पडद्यावरचा शुद्ध पिवळा सुमारे ९७ वर आणि शुद्ध निळा सुमारे ३२ वर येतो. त्यामुळे पिवळ्या कापडातील ऊन आणि सावली यांच्यातले मोठे अंतर निळ्यात आले की दाबले जाते आणि घड्या सपाट होतात. उलट दिशेने, निळ्यावरून पिवळा करताना, सावलीतले छायाचित्राचे बारीक दाणे (नॉइज) एकदम उघडे पडतात.

याच मेनूत ‘ह्यू-क्रोमा’ नावाचे दुसरे साधन आहे, आणि माझ्या मते या कामासाठी गिम्प घेण्याचे खरे कारण तेच आहे. ते डोळ्याला जाणवणाऱ्या उजळपणाच्या मापावर चालत असल्यामुळे रंग फिरवला तरी घड्यांचा उजळपणा जसाच्या तसा राहतो. मोहरीवरून निळा केला की आधी आभाळी निळा मिळतो, कारण मोहरी कापड मुळात उजळ असते. तो पाहून गोंधळून जाऊ नये. इतक्या उजळ पातळीवर पडदा मोहरीएवढा तीव्र निळा दाखवूच शकत नाही, म्हणून क्रोमाही, म्हणजे रंगाची तीव्रता, सोबत कमी करावा लागतो. त्यानंतर रेषा वाकवून उजळपणा बदलणाऱ्या ‘कर्व्ह्ज’ या साधनात रेषेचे वरचे टोक खाली आणले की सगळा उजळपणा जवळपास एकाच प्रमाणात उतरतो, आणि गडद कापडावर सावल्या जशा पडतात तशाच त्या दिसू लागतात. रंग आधी आणि गडदपणा नंतर, या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्यापासून माझ्या छायाचित्रांतील कापड पुन्हा कापडासारखे दिसू लागले आहे.

या दोन पायऱ्यांची व्याप्तीही वेगळी ठेवावी लागते. मोहरी पिशवी पांढऱ्या कागदावर ठेवली की तिच्या पायथ्याशी कागदावर पिवळट झाक पडते. पिशवी निळी करून ती झाक तशीच राहू दिली तर पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण चित्र खोटे वाटते. म्हणून रंग फिरवण्याची पायरी मी संपूर्ण चित्रावर करते, म्हणजे झाकही आपोआप निळसर होते. पांढरा कागद आणि राखाडी धातूची चेन यांच्यात फिरवण्याजोगा रंग जवळपास नसल्यामुळे ती तशीच राहतात. चामड्याचा बंद किंवा लाकडी बटण असेल तर तेवढे लेयर मास्कने, म्हणजे लेयरचा ठरावीक भाग झाकणाऱ्या मुखवट्याने, वगळते. गडद करण्याची पायरी मात्र फक्त पिशवीवर हवी, नाहीतर कागदही काळवंडतो. पिशवीची कड पाथ टूलने आखून तिला एक-दोन पिक्सेलची मऊ किनार दिली, की शिफ्ट आणि क्यू दाबून क्विक मास्कमध्ये काय निवडले गेले आणि काय सुटले ते लालसर पडद्याआड स्पष्ट दिसते.

प्रत्येक रंगाचे आकडे फिल्टरच्या खिडकीतच नाव देऊन साठवता येतात. उजेड आणि मूळ कापड तेच असेल तर पुढच्या नमुन्याला तीच मापे चालतात. ही मापे मी अंदाजाने ठरवत नाही. त्या रंगाच्या कापडाचा हातभर तुकडा मागवून त्याच उजेडात त्याचे छायाचित्र घेते आणि रंगाचे आकडे दाखवणाऱ्या कलर पिकरने तो तुकडा आणि तयार केलेले चित्र ताडून पाहते. तुकडा मिळाला नाही तर त्या रंगाचे चित्र करून देत नाही.

उणिवाही आहेत. निळे रंग फिके केले की ते जांभळ्याकडे झुकतात. हा ह्यू-क्रोमा ज्यावर चालते त्या मापनपद्धतीचाच जुना दोष आहे आणि ह्यू थोडा मागे घेऊन तो हाताने सुधारावा लागतो. फोटोशॉपमध्ये एकच ॲडजस्टमेंट लेयर खालच्या सगळ्या लेयरवर परिणाम करतो, तेवढी सोय येथे नाही. फिल्टर ज्या लेयरला किंवा गटाला जोडला त्याच्यापुरताच असतो. कॅमेऱ्याची रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली मूळ, फाइल गिम्प स्वतः उघडत नाही, त्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपीसारखे मोफत सॉफ्टवेअर सोबत लागते. ते बसवून घ्यावेच असे मी सांगेन, कारण जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुधा उजळपणापेक्षा कमी बारकाव्याने साठवलेली असते आणि रंग बदलल्यावर कडेला जुन्या रंगाची रेघ उरते.

काळे आणि पांढरे कापड या पद्धतीत बसत नाही, कारण त्यांच्यात फिरवायला रंगच नसतो. पांढऱ्यावर मल्टिप्लाय मोडमधला, म्हणजे खालच्या चित्रात मिसळून ते गडद करणारा, रंगाचा लेयर चांगला बसतो. काळ्यातून मात्र दुसरा रंग काढू नये, त्याच्या सावल्यांत माहितीच उरलेली नसते.

खणाच्या पर्सच्या बाबतीत मी हे साधन मुळीच वापरत नाही. खणात ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो, आणि कापड हलवले की दोन्ही आळीपाळीने डोळ्यांत भरतात. ह्यू फिरवला की दोन्ही धागे एकदम फिरतात, आणि कोणत्याही मागावर कधी न विणलेली जोडी पडद्यावर उभी राहते. हिरव्या-लाल खणावरून दुसरा खण करून मागणाऱ्या गटांना मी तो खण पाठवायला सांगते आणि त्याचे वेगळे छायाचित्र काढते. त्याला एक दिवस जास्त लागतो, तो मी लावते.