३९९ रुपयांची कृतज्ञता डायरी: तीन महिने वापरून

दिवाळीला घरी येताना लेकीनं सांगलीत विश्रामबागेतून ही डायरी आणली. ती बी.ए.ला मानसशास्त्र घेऊन शिकते. म्हणाली, "पप्पा, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, बाकी काही नाही." माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. गेल्या हंगामातल्या मालाचा व्यापाऱ्यानं दिलेला चेक वटला नव्हता, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता थकला होता आणि दीड एकर सुपर सोनाका द्राक्षाची बाग फुलोऱ्याला येत होती. तरी पोरीनं पैसे घातलेत म्हणून सुरुवात केली.

आधी वस्तूबद्दल. बांधणी मजबूत आहे. तीन महिने ट्रॅक्टरच्या पेटीत पान्यांबरोबर पडून होती, एक टाका निघाला नाही. कागद मात्र पातळ, शाईपेनानं लिहिलं की मागच्या पानावर उमटतं, बॉलपेनच लागतं. वरचा तिसरा हिस्सा सुविचारानं खाल्लाय, त्यामुळं लिहायला जागा कमी पडते. आजचा मूड दाखवायला पाच चेहरे छापलेत, ते मी सोडून दिले.

या डायरीत खरी कामाची गोष्ट एकच आहे. प्रत्येक नोंदीपुढं एक बारीक चौकट आहे: "हे का घडलं?"

लिहायला लागून आठवडा झाला असेल. रात्री दोनला अवकाळी सुरू झाला. फुलोऱ्यात घडांत पाणी थांबलं की गळ आणि कूज ठरलेली, वर डावणी रोगाची भीती. पाणी झटकायला ट्रॅक्टरवरचा ब्लोअर, म्हणजे फवारणीचा पंखा, औषधाशिवाय नुसता फिरवावा लागतो आणि माझ्या ट्रॅक्टरचा क्लच गेलेला. मी आणि बायको बॅटरी घेऊन हातानं वेली हलवत होतो. एवढ्यात बांधावर उजेड दिसला. शेजारचे अण्णा न बोलावता ट्रॅक्टर घेऊन आले होते. स्वतःची बाग बाकी असताना त्यांनी आधी माझ्या ओळी काढल्या. तरी चार आणे माल गेलाच.

दुसऱ्या रात्री लिहिलं, "अण्णांनी ब्लोअर फिरवला." पुढच्या चौकटीत काय लिहावं सुचेना. ती चौकट दोन दिवस तशीच राहिली, शेवटी जाऊन विचारलं. अण्णा म्हणाले, "आमची बोअर आटली तेव्हा तुमच्या आबांनी दोन महिने विहिरीचं पाणी सोडलंवतं. तू तेव्हा शाळेत होतास." आबांना जाऊन अकरा वर्षं झाली. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. चौकटीत मावलं नाही, मागचं अख्खं पान भरलं.

ही चौकट कुठून आली ते लेकीनं सांगितलं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्यांची कारणं लिहायला लावली होती. त्याआधी २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ यांनी एका गटाला आठवड्यातून एकदाच, पाच गोष्टींपर्यंत, असं दहा आठवडे लिहायला सांगितलं. त्रासाच्या गोष्टी लिहिणाऱ्यांपेक्षा त्या गटाला आपलं आयुष्य बरं वाटलं. डायरीवाले मात्र रोज लिहाच म्हणतात. मला रोजचं जमलं नाही. महिन्याभरानं "चहा चांगला झाला" असलं काहीतरी भरतीला लिहायला लागलो, तेव्हा थांबलो आणि फक्त रविवार धरला. रविवारच्या नोंदी भरीव आहेत.

यानं हप्ता कमी होत नाही की बुडालेला चेक परत येत नाही, हे घेणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, नको ते विचार येत असतील, तर डायरीवर विसंबू नका. डॉक्टर गाठा, नाहीतर १४४१६ ला फोन लावा. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मला झोप लागायला लागली, कारण रात्री व्यापाऱ्याचाच विचार फिरायचा तिथं आता अण्णा आणि आबापण येतात.

पाचपैकी साडेतीन. दुसरी विकत घेणार नाही. फवारणीची वही दरवर्षी घालतोच, तिच्या मागच्या बाजूनं दोन रकाने आखलेत. गेल्या रविवारची नोंद: बेदाणा शेडवर टाकायला अण्णांच्या सुनेनं चार बायका जोडून दिल्या. का, ते अजून विचारायचंय.