जुनी भाषा शिकायचीय? फोरट्रान, कोबोल, लिस्प की अल्गोल

पायथॉन नाहीतर जावा येतंय, दोनचार वर्षं कामही झालंय, आणि आता वाटतंय की हे सगळं सुरू कुठून झालं ते एकदा स्वतःच्या हाताने करून बघावं, अशा माणसाने पहिली जुनी प्रोग्रामिंग भाषा कुठली घ्यावी? मला हे बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. चारच भाषा घेतोय, फोरट्रान, कोबोल, लिस्प आणि अल्गोल ६०. चौघी १९५७ ते १९६० एवढ्या छोट्या काळात आल्या, पण प्रत्येकीच्या मागे वेगळ्या माणसांची वेगळी डोकेदुखी होती, आणि माझं म्हणणं एवढंच की निवडताना ती डोकेदुखी तुम्हाला आपली वाटते का ते बघा, बाकी सिंटॅक्स वगैरे आठवड्यात जमतो.

फोरट्रानपासून सुरू करतो कारण ती सगळ्यात आधीची. म्हणजे अगदी पहिली नव्हे, जर्मनीत कोनराड त्सुझेने १९४५ पर्यंत प्लानकाल्क्युल नावाची भाषा कागदावर तयार केली होती, पण ती तेव्हा कुठल्या मशीनवर चाललीच नाही. आयबीएममध्ये जॉन बॅकस होता, त्याने १९५३ च्या शेवटी साहेबाला पत्र लिहून सांगितलं की प्रोग्रामरवर होणारा खर्च मशीनच्या खर्चाइतकाच व्हायला लागलाय, तेव्हा सूत्र लिहिलं की मशीनचा कोड आपोआप तयार होईल असं काहीतरी करूया. सहा महिन्यांत होईल, अजून सहा महिने, असं करत करत एप्रिल १९५७ उजाडला. उशीर का झाला ते समजून घेण्यासारखं आहे. हाताने कोड लिहिणाऱ्यांचा विश्वासच नव्हता की एखादा प्रोग्राम आपल्याइतका वेगवान कोड काढेल, आणि संथ कोड निघाला असता तर कुणी ढुंकूनही बघितलं नसतं, म्हणून बॅकसच्या टीमने सगळी ताकद ऑप्टिमायझेशनवर लावली, आयबीएम ७०४ या मशीनला इंडेक्स रजिस्टर, म्हणजे लूपची मोजणी ठेवायच्या जागा, फक्त तीन, ते कुठल्या लूपला कधी द्यायचे याच्यावर त्यांनी जीव काढला. बाहेर वेस्टिंगहाउसच्या बेटिस लॅबमध्ये फोरट्रानचा कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेल्याचा मशीनचा कोड करणारा प्रोग्राम, पंचकार्डांच्या (भोकं पाडून प्रोग्राम लिहायच्या जाड कागदी कार्डांच्या) एका खोक्यात पोचला, तिथल्या लोकांनी एक प्रोग्राम टाकून बघितला आणि पहिलं उत्तर आलं ते चूक दाखवणारं, म्हणजे प्रोग्राममध्ये एका ठिकाणी कंसानंतर स्वल्पविराम राहिलाय असं! मला ही गोष्ट फार आवडते, मशीनने माणसाला नेमकी जागा दाखवून चूक सांगितली.

आजही लॅपटॉपवर जीफोरट्रान नावाचा कंपायलर फुकटात टाकता येतो, आणि जुन्या पद्धतीने लिहायचं तर फाईलला नुसतं एफ एक्स्टेंशन द्या. मग कार्डाचे नियम लागू होतात. कार्डाला ८० कॉलम, पहिल्या पाचात लेबल, सहाव्यात खूण असली तर आधीची ओळ पुढे चालू, खरं वाक्य ७ ते ७२ मध्ये, उरलेले आठ कार्डाच्या क्रमांकासाठी, कारण गठ्ठा हातातून पडला तर परत लावायला काहीतरी हवं ना. मी पहिल्यांदा पहिल्या कॉलमपासून टाईप केलं तर लेबलमध्ये अंक सोडून दुसरंच अक्षर आलंय अशी एरर आली, तेव्हा कुठे स्क्रीनमागचं ते कार्ड मला दिसलं. अजून एक करून बघाच. व्हेरिएबलचं नाव इंग्रजी अक्षरांत मजुरी ठेवा, बरोबर सहा अक्षरं होतात, पहिल्या फोरट्रानमध्ये तेवढीच चालायची. आता त्यात ४१२.७५ टाका आणि प्रिंट करा, ४१२ येईल. कारण नाव एम ने सुरू होतं, आणि प्रकार जाहीर केला नसेल तर आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव म्हणजे पूर्णांक असा नियम, गणितात आपण आय, जे, के अशा निर्देशांकांनी मोजतो तिथून आलेला. म्हणून आजच्या प्रत्येक फोरट्रान फाईलमध्ये वर इम्प्लिसिट नन लिहितात.

आपल्याकडेही पुष्कळांची पहिली भाषा हीच, आयआयटी कानपूरला १९६३ मध्ये आयबीएम १६२० आलं त्यावर, मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आलं त्यावर. हवामान, भौतिकशास्त्र, मोठ्या मॅट्रिक्स यात रस असेल तर फोरट्रान घ्या, ही एकटीच अशी की जी शिकून उद्या शास्त्रज्ञांच्या चालू कोडमध्येही हात घालता येतो.

कोबोलची डोकेदुखी एकदम वेगळी, इथे गणित सोपं पण कागदपत्रं अफाट. प्रत्येक कंपनीच्या मशीनची भाषा वेगळी, मशीन बदललं की पगाराचा, साठ्याचा सगळा हिशोब परत लिहा. म्हणून मे १९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये बैठक झाली, अमेरिकेचं संरक्षण खातं आणि मशीन बनवणाऱ्या कंपन्या एकत्र बसल्या, आणि ग्रेस हॉपरच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेचा मोठा आधार घेऊन कोबोल ठरलं. डिसेंबर १९६० मध्ये तोच प्रोग्राम आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक २ या दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालवून दाखवला. आज आपल्याला यात काही वाटत नाही, पण तेव्हा ही फार मोठी गोष्ट होती.

लोक कोबोलला लांबलचक म्हणतात, आहेच ती लांबलचक, पण तिचा डेटा डिव्हिजन, म्हणजे कुठली माहिती कशी ठेवायची ते जाहीर करायचा भाग, मनापासून बघा. रक्कम कशी जाहीर करायची? पिक ९(५)व्ही९९. म्हणजे पाच अंक, मग व्ही म्हणजे इथे दशांश चिन्ह आहे असं समजायचं पण त्याला जागा द्यायची नाही, मग दोन अंक. रुपये आणि पैसे, बस. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करा, ०.३०००००००००००००००४ येतं, कोबोलमध्ये दशमान पद्धतीनेच हिशोब होतो म्हणून साधं ०.३ येतं. बँका ही भाषा सोडत नाहीत त्याच्या कारणांत हे एक कारण नक्की आहे, आणि मला ते पटतं.

माझी मावशी १९९८-९९ ला पुण्यात वायटूकेच्या, म्हणजे सन २००० आलं की दोन अंकी वर्षं गडबडतील त्याच्या, कामावर होती, दिवसभर एकच काम, जिथे जिथे वर्ष पिक ९९ असं दोन अंकी ठेवलंय ते शोधायचं आणि पुढचे दोन अंक वाढवले तर त्या रेकॉर्डमधलं बाकी सगळं कुठे सरकतंय ते बघायचं. ती म्हणायची, दुसऱ्याने वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं मला वाचता यायचं, कारण ते वाक्यासारखं लिहिलेलं होतं. ही कोबोलची सगळ्यात मोठी पावती. पण नोकरीसाठी घेताय तर नुसत्या कोबोलवर भागणार नाही, सोबत जेसीएल, सीआयसीएस, डीबी२ असं मेनफ्रेमचं, म्हणजे बँकांच्या त्या मोठ्या मशीनचं, अख्खं घर शिकावं लागतं. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरने कोबोल येणारी माणसं जाहीरपणे मागितली होती, पण त्या बातमीवरून लगेच क्लास लावू नका. नुसत्या हौसेसाठी मी कोबोल सुचवणार नाही.

लिस्प ही माझी आवडती, आधीच सांगून टाकतो. एमआयटीत जॉन मॅकार्थीने १९५८ मध्ये सुरू केली. त्याला आकडे नको होते, त्याला विचारांची आकडेमोड हवी होती, म्हणजे सूत्रच दिलं तर त्याचं डेरिव्हेटिव्ह काढून दुसरं सूत्र द्यायचं असलं काम. त्यासाठी सगळं काही यादीत ठेवायचं, प्रोग्रामसुद्धा यादीच. मग त्याने कागदावर इव्हॅल नावाचं फंक्शन लिहिलं, लिस्पमध्येच लिस्पचा अर्थ लावणारं, तेही फक्त सिद्धांत म्हणून. स्टीव्ह रसेल म्हणाला मी हे मशीनवर लिहितो, मॅकार्थीने सांगितलं की अरे ते वाचायला आहे, चालवायला नाही, तरी रसेलने आयबीएम ७०४ वर ते हाताने कोड केलं आणि लिस्पला इंटरप्रिटर मिळाला. यादीचं डोकं काढायचं ते कार आणि उरलेली शेपूट म्हणजे कुडर, ही नावंही त्याच ७०४ च्या ३६ बिटांच्या शब्दातल्या ॲड्रेस आणि डिक्रिमेंट या दोन भागांवरून आली. गार्बेज कलेक्शन (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणं) इथून आलं, इफ-एल्समधून उत्तर म्हणून व्हॅल्यू मिळते ही कल्पना इथून आली, म्हणजे तुम्ही रोज जे वापरता त्यातलं किती याच घरातलं आहे ते बघा.

अल्गोल ६० बद्दल थोडक्यात. जानेवारी १९६० ला पॅरिसमध्ये तेरा जण बसले आणि त्यांनी जी भाषा ठरवली त्यात बिगिन-एंडचे ब्लॉक होते, स्कोप होता, रिकर्शन होतं, पण इनपुट-आउटपुट ठरवलंच नाही! सी, पास्कल, जावा हा सगळा वंश तिचा. तिचं व्याकरण ज्या पद्धतीने लिहिलं तिला बीएनएफ, म्हणजे बॅकस-नाऊर फॉर्म म्हणतात, आणि १९६७ मध्ये पीटर इंगरमन नावाच्या माणसाने पत्र लिहून सुचवलं होतं की पाणिनीने हे फार आधी केलंय, तेव्हा नाव पाणिनी-बॅकस फॉर्म ठेवा. तिच्यात प्रोग्राम लिहीत बसायची गरज नाही, पीटर नाऊरने संपादित केलेला तिचा रिपोर्ट मात्र वाचा, छोटासाच आहे.

मग काय घ्यायचं? एकच शनिवार-रविवार असेल तर फोरट्रान, कारण मशीन आणि कार्ड हाताला लागतं. महिनाभर रोज अर्धा तास काढू शकत असाल तर सरळ लिस्प, आणि त्यासाठी आधी स्कीम ही लिस्पचीच धाकटी बहीण टाका, तिचे नियम कमी आहेत. पहिल्या दिवशी कॉम्प्युटर उघडूच नका, मॅकार्थीच्या १९६० च्या पेपरमधलं इव्हॅलचं पान छापून घ्या, एखादी लहान यादी घेऊन पेन्सिलीने ओळीओळीने चालवत जा, दोन तास लागतील, पण ज्या क्षणी इव्हॅल परत इव्हॅललाच बोलावतं तिथे पोचलात की थांबा आणि ते परत एकदा करा.