सुटका केलेले घोडे की डांगीचा कळप?

गावाकडे चार-पाच एकर जमीन आणि हाताशी थोडी शिल्लक असली की बरेच जण एकाच आवारात दोन्ही मांडायला निघतात: टांग्या-वरातींतून सुटलेले घोडे आणि सोबत डांगी जातीच्या देशी गाई. निदान सुरुवातीला एकच निवडा. घोड्यांचं आश्रयस्थान म्हणजे वृद्धाश्रमच, तिथे पैदास करायचीच नसते. गाईंची जात टिकवायची तर वासरं झाली पाहिजेत आणि ती शेतकऱ्यांच्या दावणीला गेलीही पाहिजेत.

घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. तीनशे किलोच्या घोड्याला रोज सहा-सात किलो कोरडा चारा लागतो, आणि तोही बुरशी न लागलेला. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की रात्री दोन वाजताही डॉक्टर हवा. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर साळावे लागतात. जवळपास नालबंद नसेल तर विषय तिथेच संपला. नवा घोडा आत घेण्याआधी वेगळा बांधून ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासा. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोडा कायद्याने मारावा लागतो.

डांगीचं ओझं वेगळं. अकोले-इगतपुरीच्या पावसात हे जनावर टिकतं, कारण कातडी तेलकट आणि खूर टणक. आजारपणाचा खर्च घोड्याहून कमी. पण दूध बेताचंच, आणि खरी किंमत होती ती भाताच्या चिखलणीत चालणाऱ्या बैलाची. ते काम आता पॉवर टिलर करतो. निम्मी वासरं गोऱ्हे होणार, 2015 पासून राज्यात बैलाचीही कत्तल बंद आहे, मग ते न्यायचे कोणी? याचं उत्तर हाती नसेल तर पाच-सहा वर्षांत तुमची गोशाळा बिनकामाच्या बैलांनी भरेल. 2024 मध्ये सरकारने गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला 50 रुपये अनुदान ठरवलं. पात्र ठरलात तर घ्या, पण तेवढ्यात गाय पोसली जात नाही. घोड्याला त्या योजनेत जागाच नाही.

वळूचंही पाहावं लागतं. तीन-चार वर्षांत त्याच्याच कालवडी माजावर येतात, तेव्हा तो बदलायला हवा. राजूरच्या डांगी प्रदर्शनात ओळखी करून ठेवल्या तर अदलाबदल जमते. कानातले बिल्ले आणि वंशावळीची वही नसेल, तर ती फक्त गाई पाळण्याची हौस.

दोन्ही एकत्र ठेवायचेच असतील तर गव्हाणी आणि खाद्याच्या कोठ्या वेगळ्या ठेवा. गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते थोडंसंही घोड्याच्या जिवावर बेतू शकतं. लसींचं वेळापत्रकही जुळत नाही: लम्पी, लाळ्या-खुरकूत गुरांचे, तर घोड्याला धनुर्वाताची लस चुकवून चालत नाही.

माझा कौल असा: शेजारच्या गावांत अजून बैल जुंपणारे असतील तर डांगी. ते नसतील, पण घोड्यांचा जाणकार डॉक्टर तासाभरात पोहोचत असेल आणि उत्पन्नाची अपेक्षा नसेल, तर घोडे, आणि तेही चारच.

घोडाही हवा आणि जातही राखायची, असं असेल तर धनगरांच्या वाड्यांबरोबर फिरणारा भीमथडी जातीचा घोडा आहे. मात्र त्या कळपात सुटका केलेले घोडे मिसळू नका. त्यांचा वंश ठाऊक नसतो, आणि त्यांतले नर खच्ची करूनच ठेवावे लागतात.